शान पठारावरचे आंबवलेले मांस

दूरदेशी (धागाकर्ती)

ब्रह्मदेशाच्या पूर्वेकडचा शान प्रांत आपल्याकडे फारसा कुणाच्या परिचयाचा नाही. रत्नागिरीकरांचा मात्र त्याच्याशी एक जुना धागा जुळलेला आहे. १८८५ साली पदच्युत होऊन पुढे रत्नागिरीत आलेल्या आणि १९१६ साली तिथेच वारलेल्या थिबा राजाला हे नाव मिळाले ते राजपुत्र असताना त्याच्याकडे असलेल्या जहागिरीवरून, आणि ती जहागीर म्हणजे शान पठारावरचे आजचे सीपॉ हे गाव. या प्रांताचे क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या साधारण निम्मे आहे, त्यात शान लोकांखेरीज पा-ओ, दनू, पलाऊंग, वा अशा अनेक जमाती नांदतात, आणि शान लोक स्वतःला ‘ताई’ म्हणवतात. थायलंडच्या वायव्य कोपऱ्यातील मे होंग सोन जिल्ह्यात आणि चीनच्या युनान प्रांतातील देहोंग भागातही त्यांची जुनी वस्ती आहे.

या लोकांच्या जेवणाविषयी वाचायला मिळते ते बहुधा शान नूडल्स आणि हरभऱ्याच्या पिठाचा पिवळा टोफू एवढेच. मला लिहायचे आहे ते त्यांच्या आंबवलेल्या मांसाबद्दल. ब्रह्मी बोलीत त्याला ‘वेतथा जिन’ म्हणतात, तर उत्तर थायलंडमध्ये त्याच्या भावकीतला पदार्थ ‘चिन सोम’ किंवा ‘नेम’ या नावाने विकला जातो. घटक अगदी मोजके असतात. बारीक चिरलेले किंवा कुटलेले डुकराचे मांस, कधी त्यात उकडून पातळ कापलेली कातडी, शिजवून गार केलेला भात, भरपूर लसूण आणि मीठ. हे सारे हाताने चांगले मळून केळीच्या पानात घट्ट बांधतात आणि दोन-तीन दिवस ठेवून देतात. थंडीच्या दिवसांत पठारावर रात्री कडक गारठा पडतो, त्यामुळे तेव्हा थोडे अधिक थांबावे लागते. चूल पेटवण्याची गरज फक्त भातापुरती आणि कातडीपुरती.

उत्तर थायलंडमधल्या चिआंग माय शहरात नोकरीनिमित्त राहत असताना तिथल्या शुक्रवारच्या सकाळच्या बाजारात मी हा पदार्थ पहिल्यांदा नीट पाहिला. हा बाजार चीनच्या युनान प्रांतातून आलेल्या मुसलमानांच्या वस्तीत भरतो आणि डोंगरातून आलेले शान विक्रेतेही तिथे बसतात. पुडीचे बाहेरचे पान सुकून तपकिरी झालेले असते, आतले अजून हिरवे असते आणि त्याच्या शिरांचे ठसे मांसावर उमटलेले असतात. मांसाचा रंग फिकट गुलाबी, स्पर्श घट्ट, सुरीने कापले तर काप मोडत नाही. भाताची शिते जवळपास विरघळलेली असतात आणि लसणाच्या चकत्या तेवढ्या पांढऱ्या उठून दिसतात. वास आंबट असतो, कुजका मुळीच नसतो. विकणारी बाई पुडी देण्याआधी अंगठ्याने दाबून पाहते आणि मऊ लागली तर ‘उद्या खा’ असे सांगते. खाताना सोबत कच्चा लसूण, हिरव्या मिरच्या आणि एका रानटी कांद्याची पांढरी मुळे असतात. ही मुळे नसतील तर पुष्कळ शान मंडळींना पान अपुरे वाटते.

आता मुद्द्याकडे वळते. प्रवासवर्णनांत हा पदार्थ ‘कच्चे डुकराचे मांस खाणारे लोक’ अशा अचंब्याच्या सुरात येतो आणि तो सूर मला खटकतो. माझ्या मते हा पदार्थ म्हणजे एका डोंगरी शेतकरी कुटुंबाचा चोख हिशेब आहे. भात स्वतःच्या शेतातला, डुक्कर घरच्या कोंड्यावर आणि उरल्यासुरल्यावर वाढलेले, लसूण परसातला. विकत घ्यायचे ते फक्त मीठ. समुद्र दूर असल्यामुळे सखल ब्रह्मदेशातली ङापी, म्हणजे मासळी आंबवून केलेली चटणी, इथे स्वयंपाकाचा पाया झाली नाही. तिची जागा सोयाबीन आंबवून, थापून, उन्हात वाळवलेल्या चकत्यांनी घेतली. मांसही त्याच रीतीने टिकवले गेले. मीठही सगळे बाहेरूनच येत असे असे नाही. सीपॉजवळच्या बॉजो या गावी खाऱ्या पाण्याची विहीर आहे आणि तिथे पूर्वी मीठ काढले जाई. त्याच गावच्या पॅगोड्याची जत्रा आजही शान लोकांच्या मोठ्या जत्रांत गणली जाते.

सण-समारंभाला शान भाषेत ‘पोई’ म्हणतात. त्यातला सर्वांत थाटाचा समारंभ म्हणजे ‘पोई सांग लोंग’, मुलग्यांना श्रामणेर, म्हणजे बालभिक्षू, करण्याचा विधी. मार्च-एप्रिलच्या सुमारास मुलांना राजपुत्रांसारखे नटवून, पाय जमिनीला लागू न देता खांद्यावरून मिरवतात, कारण ती जणू गृहत्यागापूर्वीचा सिद्धार्थच असतात. समारंभ साधारण तीन दिवस चालतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला जेवू घालणे हे यजमानाचे पुण्यकर्म मानले जाते. एवढ्या पंगतीसाठी जनावर कापले की एका दिवसात ते संपत नाही, आणि उन्हाळ्यात ते तसे ठेवताही येत नाही. आंबवलेले मांस या गणितात चपखल बसते, कारण समारंभाच्या दोन दिवस आधी बांधलेल्या पुड्या नेमक्या पंगतीच्या दिवशी तयार होतात. मला ते केवळ टिकवण्याचे तंत्र वाटत नाही, पाहुणचाराचे नियोजनही त्यात आहे.

जाणकारांनी भर घालावी.

सह्यकडा

लेख आवडला, परंतु एक प्रश्न मनात राहिला. हे लोक थेरवादी बौद्ध आहेत आणि प्राणिहत्या न करणे हे पंचशीलातले पहिलेच शील. मग मुलाला श्रामणेर करण्याच्या प्रसंगी जनावर कापणे यात विसंगती नाही का? आणि हेच मांस भिक्षूंनाही वाढले जाते का? टीका करण्याचा हेतू नाही. आमच्या गावातील बौद्ध बांधवांतही या विषयावर वाद झडताना मी ऐकलेले आहेत, म्हणून विचारतो.

दूरदेशी

सह्यकडा, प्रश्न रास्त आहे आणि शान लोक स्वतःही त्याकडे डोळेझाक करत नाहीत. थेरवादी विनयानुसार, म्हणजे भिक्षूंच्या नियमावलीनुसार, मांस खाण्यावर सरसकट बंदी नाही. आपल्यासाठी प्राणी मारला असे भिक्षूने पाहिले, ऐकले किंवा त्याला तसा संशय आला, तर ते मांस त्याने घ्यायचे नाही. शिवाय दहा प्रकारचे मांस पूर्णपणे वर्ज्य आहे, त्यात हत्ती, घोडा, कुत्रा, साप, वाघ यांचा समावेश होतो. या धाग्याच्या दृष्टीने महत्त्वाचे असे की कच्चे मांस भिक्षूंनी स्वीकारू नये असाही दंडक आहे. त्यामुळे आंबवलेल्या मांसाची पुडी विहारात जशीच्या तशी देत नाहीत. ती निखाऱ्यावर भाजून किंवा मांस तेलात परतून मगच देतात. एकच पदार्थ घरच्या मंडळींसाठी न शिजवता आणि विहारासाठी शिजवून, अशी दोन रूपे त्यामुळे एकाच दिवशी एकाच स्वयंपाकघरात दिसतात.

विसंगतीबद्दल म्हणाल तर लोक ती वेळापत्रकाने सांभाळतात. जुलै ते ऑक्टोबर हा वर्षावासाचा काळ. त्या काळात वयस्क माणसे उपोसथाच्या, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येसारख्या व्रताच्या, दिवशी विहारात मुक्कामाला जातात, आठ शीले पाळतात आणि दुपारनंतर अन्न घेत नाहीत. पुष्कळजण जनावर स्वतः कापण्याचे टाळतात आणि बाजारातून मांस आणतात. याने तात्त्विक पेच सुटतो असे मी म्हणणार नाही, पण आपल्याकडे श्रावण पाळणाऱ्या मांसाहारी घरांना ही तडजोड अनोळखी वाटू नये.

तिरफळ

मी मडगावची. वाचताना आमच्या चोरिसाची आठवण होणे अपरिहार्य होते. आम्हीही डुकराचे मांस चिरतो, मीठ लावून पाणी काढून टाकतो, पण मग त्यात माडाचे विनेगर, सुक्या मिरच्या आणि मसाला घालून मुरवतो आणि आतड्यात भरून उन्हात वा धुरावर वाळवतो. म्हणजे आमच्याकडे आंबटपणा बाहेरून येतो. शान पद्धतीत विनेगर अजिबात नाही, लिंबू-चिंचही नाही. मग आंबटपणा येतो कुठून? ताकाला विरजण लागते तसे आधीच्या पुडीतले थोडे मांस नव्यात मिसळतात का?

दुसरे असे की चोरिस आम्ही पावसाळ्याच्या बेगमीसाठी करतो, ते महिनोन्महिने टिकते. दोन-तीन दिवसांत तयार होणारे हे मांस किती टिकत असेल?

सूक्ष्मदर्शी

अन्नसूक्ष्मजीवशास्त्र हा माझ्या कामाचा विषय असल्यामुळे तिरफळताईंच्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रयत्न करतो.

पारंपरिक पद्धतीत विरजण लागत नाही. मांसावर, लसणावर, पानावर, हातांवर लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू आधीपासून असतातच. मात्र मांसात त्यांना खाण्याजोगी साखर फार थोडी असते आणि ती उणीव शिजवलेला भात भरून काढतो. थायलंडमधील ‘नेम’वर पुष्कळ संशोधन झालेले आहे आणि त्यात लॅक्टोबॅसिलस व पेडियोकॉकस गटातील जिवाणू प्रामुख्याने आढळतात. लसणाचे काम दुहेरी आहे. तो काही नकोशा जिवाणूंना रोखतो, आणि त्यातील फ्रुक्टन ही शर्करा हव्या असलेल्या काही जिवाणूंना पोसते. मीठ साधारण दोन-तीन टक्के असते. त्याहून फार कमी झाले तर सडण्याचा धोका वाढतो आणि फार जास्त झाले तर आंबण्याची क्रिया मंदावते. पुडी घट्ट बांधण्यामागेही कारण आहे. आत हवा कमी राहिली की बुरशी आणि सडवणारे जिवाणू मागे पडतात. तीस अंशांच्या आसपासच्या तापमानात साधारण तीन दिवसांत सामू (pH, जितका कमी तितके आम्ल अधिक) सहाच्या जवळून साडेचारच्या आसपास उतरतो. त्या आम्लामुळे मांसातील प्रथिने गोठतात आणि म्हणूनच धागाकर्तीने वर्णन केलेला घट्टपणा येतो. विक्रेतीचा अंगठा एक प्रकारे हेच मोजत असतो.

टिकण्याबद्दल सांगायचे तर चोरिसात पाणी काढून टाकलेले असते, इथे ते तसेच राहते. त्यामुळे तयार झालेली पुडी फ्रिजशिवाय आणखी काही दिवसच चांगली राहते, त्यानंतर आंबटपणा असह्य होतो. हे बेगमीचे मांस नाही, आठवड्याच्या आतले मांस आहे. सीपॉपासून इनले सरोवरापर्यंत शान प्रांतातल्या अनेक गावांत बाजार दर पाच दिवसांनी भरतो, ही गोष्ट इथे लक्षात घ्यावी.

आता अप्रिय भाग. आम्लामुळे जिवाणू आटोक्यात येतात, परंतु डुकराच्या मांसातील परजीवी त्याने खात्रीने मरत नाहीत. थायलंडमध्ये ट्रिकिनेला या कृमीच्या रोगाची पहिली नोंदलेली साथ १९६२ साली मे होंग सोन जिल्ह्यातील मे सारियांग भागातच आली होती. पुढे २००७ साली उत्तर थायलंडच्या फयाओ जिल्ह्यात कच्च्या डुकराच्या मांसातून स्ट्रेप्टोकॉकस सुइस या जिवाणूची साथ पसरली, तिच्यात काही जण दगावले. १९८०च्या दशकात तिथे ‘नेम’वर गॅमा किरणांचा मारा करून तो सुरक्षित करण्याचे प्रयोग झाले आणि तसा माल बाजारातही आला होता. परंपरेचा आदर राखूनही हे सांगणे भाग आहे.

पाटावरवंटा

सूक्ष्मदर्शी, आपल्या प्रतिसादाने अर्धी भूक मेली, तरीही विचारतेच. शिजवून खायचे असेल तर त्याची चव राहते का? की भाजल्यावर ते साध्या सॉसेजसारखे लागते?

दूरदेशी

पाटावरवंटा, चव राहते आणि मला विचाराल तर शिजवलेले रूपच अधिक रुचकर लागते. पुडी न उघडता तशीच मंद निखाऱ्यावर ठेवतात. बाहेरचे पान जळून काळे होते, त्याचा धुरकट वास आत उतरतो आणि चरबी वितळून भाताच्या उरलेल्या कणांत मुरते. दुसरी पद्धत म्हणजे कांदा आणि टोमॅटोवर मांस परतून त्यावर अंडी फोडणे. हा घरगुती, घाईच्या वेळचा प्रकार आहे. तिसरी पद्धत म्हणजे कांदा, मिरची, कोथिंबीर आणि भाजलेले शेंगदाणे घालून केलेली कोशिंबीर. या तिसऱ्यात मांस बहुतेक वेळा कच्चेच असते, तेव्हा सूक्ष्मदर्शींचा इशारा ध्यानात ठेवावा. आंबटपणा तिन्ही रूपांत टिकतो, कारण लॅक्टिक आम्ल उडून जात नाही. सोबत चिकट भात किंवा पठारावरचा मऊ, किंचित चिकट भात असतो.

ज्यांना डुकराचे मांस चालत नाही त्यांच्यासाठी गोमांसाचाही असाच प्रकार केला जातो. माशांचाही होतो. त्याखेरीज मे होंग सोनकडचे ‘चिन लुंग’ हे मसालेदार मांसगोळे, वाळवून भाजून कुटलेले मांस आणि वाळवून तळलेले म्हशीचे चामडे हे शान मांसाहाराचे इतर प्रकार आहेत, पण त्यांच्यासाठी वेगळा धागा काढावा लागेल.

नदीकाठ

मी नोकरीच्या निमित्ताने दिब्रुगडला राहतो, म्हणून आसामच्या बाजूने थोडी भर घालतो. १२२८ साली सुकाफा या ताई राजपुत्राने पात्काई डोंगर ओलांडून आहोम राज्य स्थापन केले. तो आला मोंग माओ या प्रदेशातून, म्हणजे आजच्या शान प्रांत आणि युनान यांच्या सीमेवरून. शानांचे आणि आहोमांचे पूर्वज त्या अर्थाने एकच. पुढे आहोम मंडळींनी असमिया भाषा आणि बव्हंशी हिंदू धर्म स्वीकारला. डुकराचे मांस आजही आवडीने खाल्ले जाते, पण त्याला आंबटपणा येतो तो आंबवलेल्या बांबूच्या कोंबांचा. मांस स्वतः आंबवण्याचा भातमिश्रित प्रकार माझ्या तरी पाहण्यात इथल्या आहोम घरांत आलेला नाही.

नंतर आलेले खामती आणि फाके हे ताई समाज मात्र थेरवादी बौद्धच राहिले. नाहरकटियाजवळच्या नामफाके गावात किंवा अरुणाचलच्या नामसाई भागात गेलात तर पानात बांधलेला भात, न शिजवलेल्या नदीच्या माशांचे ‘पासा’ नावाचे सार असे पदार्थ मिळतात. कच्च्या, ताज्या मांसमासळीला वनस्पतींच्या रसाने वा आंबवून खाण्याजोगे करायचे, ही जाण त्या शान पुडीमागेही आहे असे मला वाटते. मात्र आहोमांत हा प्रकार नाहीसा झाला की सुकाफासोबत तो आलाच नव्हता, यावर अंदाज बांधण्यात मला अर्थ दिसत नाही.

सह्यकडा

नदीकाठ यांचा प्रतिसाद फार मोलाचा आहे. धागाकर्तीला आणखी एक विचारतो. चिआंग मायमध्ये शान विक्रेते कसे काय आले? तिथे त्यांची जुनी वस्ती आहे, की ते निर्वासित आहेत?

दूरदेशी

दोन्ही. चिआंग मायमधील वाट पा पाओ हे शान विहार जुने आहे आणि तिथे दरवर्षी पोई सांग लोंग साजरा होतो. परंतु आजच्या शान वस्तीचा मोठा भाग गेल्या काही दशकांत आलेला आहे. १९४७ साली स्वतंत्र होऊ घातलेल्या ब्रह्मदेशात सामील होण्याच्या पांगलाँग करारावर शान सरदारांनी सही केली ती स्वायत्ततेच्या भरवशावर. १९५९ साली त्या सरदारांनी आपले वंशपरंपरागत अधिकार सोडले आणि १९६२च्या लष्करी उठावानंतर उरलासुरला भरवसाही संपला. १९९६पासून पुढच्या दोन-तीन वर्षांत मध्य शान प्रांतातील तीन लाखांहून अधिक लोकांना लष्कराने गावांतून बळजबरीने उठवले. ब्रह्मदेशातूनच आलेल्या करेन किंवा करेन्नी लोकांसाठी थायलंडमध्ये निर्वासितांच्या छावण्या आहेत, तशी सोय थायलंडने शान लोकांना दिलेली नाही, त्यामुळे ते बांधकामावर, संत्र्यांच्या बागांत, घरकामाला अशा मजुरीवर राहतात.

आता त्यांच्या भाड्याच्या खोलीचा विचार करा. अंगण नाही, डुक्कर नाही, शेत नाही. शान नूडल्सना निदान शेगडी आणि मोठे पातेले हवे. आंबवलेल्या मांसाला बाजारातले पावशेर मांस, मूठभर भात, लसूण, मीठ आणि एक केळीचे पान पुरते. सण इथेही होतो, विहार आहे, पंगतही बसते, आणि पुड्या समारंभाच्या आधी दोन दिवस बांधल्या जातात. माझ्या शेजारच्या शान बाई केळीचे पान मिळाले नाही तर जाड प्लॅस्टिकची पिशवी वापरत. बाजारातला पुष्कळसा कारखान्याचा माल आता तसाच येतो, पण त्या स्वतः ते ‘चालवून घेणे’ मानत आणि पाहुण्यांना पिशवीतले मांस कधी वाढत नसत.

तिरफळ

हे वाचून आणखी एक साम्य लक्षात आले. मुंबईत आणि आखातात गेलेल्या गोवेकरांच्या सामानात चोरिसाची माळ असतेच. फरक एवढाच की आमची माळ गावाहून नेता येते. त्यांची पुडी आठवड्यात संपते, म्हणून ती जिथे असतील तिथेच नव्याने बांधावी लागते.

पाटावरवंटा

पुण्यात करून पाहावे म्हणते. मांस कुठले घ्यावे आणि काय काळजी घ्यावी, हे सूक्ष्मदर्शींनीच सांगावे.

सूक्ष्मदर्शी

कच्चे खाण्याच्या उद्देशाने घरी करू नये, हे पहिले. करायचेच असेल तर खात्रीच्या कत्तलखान्यातले, तपासणी झालेले मांस घ्यावे आणि ते आधी उणे पंधरा अंशांवर सलग वीस दिवस गोठवावे. पंधरा सेंटीमीटरपेक्षा कमी जाडीच्या तुकड्यांतील ट्रिकिनेला त्याने मरतो. घरच्या फ्रिजचा बर्फाचा कप्पा इतका थंड असेलच असे नाही, तेव्हा थर्मामीटर ठेवून पाहावे. मीठ अंदाजाने घालू नये. एक किलो मांसाला पंचवीस ग्रॅम मीठ आणि शंभर ग्रॅमच्या आसपास गार भात हे प्रमाण ठीक आहे. पुण्याच्या उन्हाळ्यात दोन दिवस पुरतील, डिसेंबरात चार लागतील. पुडी उघडल्यावर मांस चिकट, बुळबुळीत लागले, हिरवट दिसले किंवा आंबटाखेरीज दुसरा कुठला वास आला तर चव न घेता टाकून द्यावे. आणि सगळे ठीक असले तरी पूर्ण शिजवूनच खावे, कारण गोठवल्याने कृमी मरतात, जिवाणू मरत नाहीत.

पाटावरवंटा

थर्मामीटर आणला. कप्पा उणे बारा दाखवतो आहे. बेत लांबला, तूर्तास दूरदेशीताईंनी चिन लुंगचा धागा काढावा, ते तरी शिजवलेले असतात.